दोन फुटांची टाकी, चिऱ्यातली विहीर आणि पावसाळा

व्हाळकाठ | ८ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

विषय: घरातली छोटी, जिवंत पाणवनस्पतींची माशांची टाकी. या विषयावर वाचायला बसलं की पहिला सल्ला मिळतो 'हीटर घ्या'. आमच्या फोंड्यात मे महिन्यात टाकीचं पाणी आपणहून ३१ अंशांवर जातं. हीटर घेऊन काय त्यात अंडी उकडू? म्हणून म्हटलं, आपल्या हवेतलं नि आपल्या पाण्यातलं जे काही केलं ते लिहून ठेवावं.

टाकी २४ × १२ × १५ इंच. माती-वाळूची जागा सोडून प्रत्यक्ष पाणी ५० लिटर. सगळं धरून वजन ८० किलोच्या आत-बाहेर जातं, तेव्हा डगमगतं स्टूल चालणार नाही. खाली थर्माकोलची शीट घातली. पडवीत ठेवायचा बेत होता, पण तिथे दुपारी तीननंतर ऊन येतं आणि उन्हातली टाकी म्हणजे शेवाळाची नर्सरी. शेवटी वसरीच्या आतल्या भिंतीला लावली.

तळाला परसातली तांबडी माती. चाळली, पाण्यात कालवून तरंगलेला काडीकचरा दोनदा फेकला, सुकवली, एक इंच पसरली. वर दीड इंच वाळू, घराच्या कामातून उरलेली. वाळू किती धुवायची म्हणाल तर तांदूळ धुतल्यासारखं पाणी येईपर्यंत नव्हे, त्या पाण्यात तांदूळ शिजवता येतील असं होईपर्यंत. मला सोळा बादल्या लागल्या. समुद्राची वाळू आणू नका. कायद्यानेही आणता येत नाही, शिवाय त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाणी जड करतो. आपली वाळू तशी नाही ना हे बघायला मूठभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर माडाची विनागर ओतली. फस्स झालं तर चुना आहे. आमची वाळू ढिम्म. आई म्हणाली, "वाळूची कोशिंबीर करतोस काय?" पण वाळू पास.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून ताटलीवर ओता. मी पहिल्यांदा सरळ पाईप सोडला आणि ५० लिटर चहा तयार झाला.

झाडं: मागे व्हॅलिस्नेरिया, मध्ये क्रिप्टोकोरीन, एका लाकडाला दोऱ्याने बांधलेली जावा फर्न आणि अनुबियास. या शेवटच्या दोघींचं आडवं खोड मातीत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वगैरे काही नाही. एलईडी दिवा टायमरवर रोज सहा तास. फिल्टर स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा.

मासे पाच आठवड्यांनी सोडणार. कारण सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगतो. माशांची घाण, सडलेलं पान, उरलेलं खाणं यांचा अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरं झाडांचं खाद्य. हे जिवाणू स्पंजवर नि वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकतोय. शेजारचा म्हणतो, याच्या टाकीत अदृश्य मासे आहेत.

सध्या नळाचं पाणी वापरतोय, कारण मार्चमध्ये विहीर खाली गेलीय. पाऊस लागला की विहिरीचं. ना क्लोरीन, ना बिल.

म्हापसेकार | ८ मार्च, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. फोटो कुठे आहे?

मातीची टाकी छानच, पण सहा महिन्यांनी एखादं झाड मुळासकट उपटून बघा, मग सगळी माती पुन्हा पाण्यात. मी दाणेदार सॉइल वापरतो, वर कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर. रोटाला नावाची वनस्पती लालभडक होते. खर्चिक आहे, मान्य. दर आठवड्याला कातरकाम करावं लागतं तेही मान्य. पण एकदा दुपारी पानांवरून बुडबुड्यांच्या माळा वर जाताना बघा, मग बोलू.

सुशेगाद | ९ मार्च, सकाळी ८:३०

सहा तास सलग कशाला? सकाळी तीन तास, मग दिवा बंद, संध्याकाळी तीन तास. या मधल्या सुट्टीला टाकीवाले जगभर 'सिएस्ता'च म्हणतात. झाडांनासुद्धा दुपारी पडावंसं वाटतं म्हणजे ती गोव्याचीच.

म्हापसेकार | ९ मार्च, सकाळी ९:१०

त्याने शेवाळ कमी होतं असं म्हणतात, मला काही फरक दिसला नाही. एकूण तास महत्त्वाचे. बाकी तुमचं चालू द्या.

निवृत्त_बाई | ९ मार्च, दुपारी ४:४५

धागा नीट वाचला. आम्ही साखळीला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे एकच प्रश्न: केएच मोजलास का? पीएच नव्हे, केएच. पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट किती आहे ते. गोव्याच्या पाण्यात आधी तेच बघायचं.

व्हाळकाठ | ९ मार्च, रात्री ९:२०

बाई, पीएच मोजला, ७.४ आहे. केएचची बाटली वेगळी मिळते, ती महाग वाटली. पीएच बरा आहे म्हणजे पुरे ना?

निवृत्त_बाई | ९ मार्च, रात्री ९:४१

पीएच म्हणजे आज पाकिटात किती पैसे आहेत ते. केएच म्हणजे बँकेत किती. बघ बाबा.

जुईली_मडगाव | ११ मार्च, रात्री १२:१५

मी कॉलेजात आहे, फ्लॅटमध्ये राहते. २० लिटरच्या टाकीत एक बेटा (फायटर मासा) ठेवलाय. दुकानदाराने काचेचा गोल बाऊल दिला होता, "याला एवढंच लागतं" म्हणून. दोन आठवडे मासा नुसता तळाशी. मग टाकी घेतली. आता त्याला बदामाचं पान घालायचंय. रस्त्यावरच्या झाडाचं चालेल का?

व्हाळकाठ | ११ मार्च, सकाळी ७:५०

चालेल बाय. झाडावरून आपणहून गळलेलं, तांबडं-तपकिरी झालेलं पान घे, हिरवं नको. झाडाखाली गाड्यांचं तेल सांडत असेल तर तिथलं नको. धू, एकदा उकळत्या पाण्यात बुडव, २० लिटरला अर्धं पान पुरे. पाणी फिक्या चहासारखं होईल. घाबरू नकोस, त्याला तेच आवडतं.

वाळपईकार | १४ मार्च, रात्री ८:००

क्रिप्टोकोरीन दुकानातून आणलीत का? तिची काही भावंडं आपल्याच सह्याद्रीतली आहेत. क्रिप्टोकोरीन स्पायरालिस घ्या. पावसाळ्यात व्हाळाच्या (ओढ्याच्या) पाण्याखाली असते आणि पाणी उतरलं की ओल्या काठावर उघडी पडते. म्हणून ही झाडं टाकीत आणल्यावर एकदा सगळी पानं गाळतात, पाणी बदललं की त्यांना ऋतू बदलल्यासारखं वाटतं. पानं विरघळली म्हणून उपटून फेकू नका. मूळ जिवंत असतं, महिन्याभरात नवी पानं येतात.

आणि आधीच सांगून ठेवतो, म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून झाड सोडाच, पानही उचलायचं नाही. गुन्हा आहे. दुकानात 'नारायण बार्ब' नावाचा लालसर छोटा मासा दिसला तरी आधी विचारा, पैदास केलेला आहे की व्हाळातून धरलेला. तो फक्त गोवा-कर्नाटकातल्या ओढ्यांत सापडतो, १९९२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि तेव्हापासून टाक्यांसाठी त्याला धरणंही चालू आहे.

व्हाळकाठ | २० जून, रात्री ९:३०

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय.

टाकी मस्त चाललीय. व्हॅलिस्नेरियाची पाती पाण्याच्या वर जाऊन लोळतायत. वाळपईकारबाबांनी म्हटल्याप्रमाणे क्रिप्टोकोरीनने पहिल्या पंधरवड्यात पानं टाकली. पानं अशी काही पारदर्शक झाली की बोट लावलं तर शेंबूड. मी उपटणार होतो, पण त्यांचं वाचलेलं आठवलं. आता दहा-बारा नवी पानं आहेत. १४ गप्पी, २० चेरी कोळंब्या. झाडांबरोबर फुकट आलेल्या गोगलगायी किती ते मोजणं सोडलं.

मेमध्ये पाणी ३१.५ गेलं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला. पुण्यातला मित्र म्हणतो, त्याच्याकडे पंख्याने चार अंश उतरतं. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, जेमतेम दीड-दोन अंश. तेवढ्याने काम भागलं.

मिरगाच्या पहिल्या वादळात नऊ तास वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घेऊन ठेवला होता, जे मासेमारीला जिवंत आमिष न्यायला वापरतात तसला. तो उपयोगी पडला. बाकी काही घ्या न घ्या, तो घ्या.

विहीर काठोकाठ. आता नळाला रजा.

सुशेगाद | २० जून, रात्री १०:०२

विहिरीला क्लोरीन नसतं असं छातीठोक सांगू नका. आमच्या वाड्यावरच्या विहिरीत पावसाच्या सुरुवातीला ब्लीचिंग पावडर टाकतात. बरोबरच आहे, गढूळ पाणी आत झिरपतं. पण मला कोणी सांगितलं नाही. मी त्याच संध्याकाळी दोन बादल्या टाकीत ओतल्या. कोळंब्या आधी वेड्यासारख्या पळाल्या, मग आडव्या.

तेव्हापासून बादलीला नाक लावल्याशिवाय ओतत नाही. शंका आली तर क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन-चार खडे टाकतो, नाहीतर बादली एक रात्र हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवतो.

जुईली_मडगाव | २१ जून, दुपारी १:२०

व्हाळकाठकाका, तुमच्या गप्पींना पिल्लं झाली असतील ना? जास्त झाली की काय करता? मैत्रीण म्हणते, शेताजवळच्या व्हाळात सोड, डास खातील.

वाळपईकार | २१ जून, दुपारी २:०५

नको. कृपा करून नको.

सुशेगाद | २१ जून, दुपारी २:३०

अहो, सरकारच डासांसाठी टाक्यांत नि विहिरींत गप्पी सोडतं की.

वाळपईकार | २१ जून, रात्री ८:१५

बंद टाकीत, कारंज्यात सोडणं वेगळं आणि वाहत्या व्हाळात सोडणं वेगळं. पावसाळ्यात व्हाळ, शेत, न्हंय (नदी) सगळं एक होतं. चढणीचे मासे याच दिवसांत शेतात येऊन अंडी घालतात. तुमचे गप्पी ती अंडी-पिल्लं खातात. डास खायला आपल्या व्हाळात आधीच मासे आहेत, पाण्याच्या पृष्ठभागाशी राहणारा, डोक्यावर पांढरा ठिपका असलेला पट्टेरी पॅन्चॅक्स बघा कधीतरी. तो ठिपका वरून टॉर्च मारल्यासारखा चमकतो. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच टाक्यांतून सुटून देशभरातल्या तळ्यांत पसरलाय.

जुईली, जास्त झालेले दुकानात परत दे. पैसे देणार नाहीत, पण घेतील.

जुईली_मडगाव | २१ जून, रात्री ८:४०

ओके. मैत्रिणीला सांगते.

व्हाळकाठ | १९ ऑगस्ट, दुपारी १२:५०

मदत हवी आहे. तातडीने.

गेले आठ-दहा दिवस गप्पी पंख मिटून असत. वाटलं, पावसाळी हवा. परवापासून खाणं टाकलं तरी वर येईनात. क्रिप्टोकोरीनची पानं पुन्हा विरघळली. आज सकाळी पीएच मोजला तर किटमधला सगळ्यात खालचा पिवळा रंग, म्हणजे ६ किंवा त्याच्याही खाली. अमोनिया मोजला तर सगळ्यात वरचा गडद हिरवा, ८ पीपीएम. पाच महिन्यांच्या टाकीत अमोनिया कुठून आला?

घाबरलो. अमोनिया दिसला की पाणी बदला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. विहिरीवर शंका आली म्हणून नळाचं घेतलं, हायपो घातला, निम्मं पाणी बदललं. सकाळी साडेसातला. आता साडेबारा वाजलेत. ९ गप्पी गेले. सकाळपर्यंत जिवंत होते हो! विष कमी केलं आणि मासे मेले, हे गणित मला कळत नाही. आत्ता पीएच ७.४ आहे.

म्हापसेकार | १९ ऑगस्ट, दुपारी १:०२

खाणं बंद. हवेचा दगड पूर्ण जोरात सोडा. मेलेले लगेच काढा. आणि बाईंना हाक मारा.

निवृत्त_बाई | १९ ऑगस्ट, दुपारी १:३५

आले. आधी करायचं ते सांगते, कारण नंतर.

सडलेली पानं सगळी काढ. चार दिवस खाणं नको. आता परत विहिरीचं पाणी घालून पीएच खाली पाडू नकोस, माशांना एका दिवसात दोन धक्के नकोत. संध्याकाळी आणि उद्यापासून रोज, नळाचंच, क्लोरीन काढलेलं, फक्त १० लिटर बदल. आणि केएचची बाटली घेऊन ये. आजच.

व्हाळकाठ | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

आणली. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत, एक थेंब म्हणजे केएचचा एक अंश. विहिरीचं पाणी घेतलं. पहिला थेंब पडला तोच पिवळा. निळं झालंच नाही. वाटलं, बाटली खराब. नळाच्या पाण्यात तिसऱ्या थेंबाला पिवळं झालं, म्हणजे बाटली ठीक आहे.

निवृत्त_बाई | १९ ऑगस्ट, रात्री ८:५५

बाटली ठीकच आहे. आता वही काढ.

तुझी विहीर चिऱ्यात खणलेली. चिरा म्हणजे लॅटराइट. १८०७ साली ब्यूकॅनन नावाच्या माणसाने मलबारात लोकांना हा दगड विटेसारखा कापताना बघून लॅटिनमधल्या विटेवरून त्याला हे नाव दिलं. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना, सोडा सगळं धुऊन नेलं आणि मागे राहिलं लोखंड नि ॲल्युमिनियम. म्हणून तो तांबडा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना असणार कुठून? त्यात भर पावसात विहीर भरते ती जवळजवळ आभाळातल्याच पाण्याने.

आता तुझे जिवाणू. अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार संपतो. मार्च ते जून तू नळाचं पाणी घालत होतास, त्यात तीन अंश होते, दर आठवड्याला बँकेत थोडी भर पडत होती. जूनपासून विहिरीचं घातलंस, नुसतं काढणं चालू राहिलं. खातं शून्यावर आलं तसा पीएच कोसळला. ६ च्या खाली हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. मग अमोनिया साचला. पानं सडली, आणखी साचला.

मग मासे आधी का मेले नाहीत? कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया हा अमोनियम होऊन राहतो, तो फारसा विषारी नाही. किट मात्र दोन्ही मिळून दाखवतं. पीएच एक अंकाने चढला की विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो. तू निम्मं पाणी बदललंस, एकूण अमोनिया ८ चा ४ झाला. पण पीएच ६ वरून ७.४ वर नेलास. म्हणजे त्यातला विषारी भाग कमी न होता दहा-बारा पटींनी वाढला. वर पीएचची एवढी उडी, ती वेगळीच.

तुला बोलायचं म्हणून नाही सांगत. मार्चमध्ये मीच हट्टाने सांगायला हवं होतं.

व्हाळकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

बाई, तुम्ही सांगितलं होतं. मीच तीनेकशे रुपये वाचवले.

वाळूवर विनागर ओतून फस्स झालं नाही म्हणून मी खूश झालो होतो. तेच नडलं म्हणायचं.

म्हापसेकार | २० ऑगस्ट, सकाळी ९:४५

बाईंचं रसायन बरोबर. पण माझं मत वेगळं. पाणी कशाला बदलता, मासे बदला. लोक आरओचं मशीन लावून मऊ पाणी तयार करतात, तुम्हाला ते विहिरीतून फुकट मिळतंय. गप्पी हा जड पाण्याचा मासा, तो मुळात चुकीचा निवडलात. हार्लेक्विन रासबोरा घाला, ती अशाच मऊ, आम्लधर्मी पाण्यातली. क्रिप्टोकोरीनला तर हेच पाणी प्रिय.

निवृत्त_बाई | २० ऑगस्ट, सकाळी १०:३०

अर्धं मान्य. रासबोरा चालेल. पण त्याच्या कोळंब्या नि गोगलगायी? त्यांची कवचं चुन्याची. व्हाळकाठ, तुझ्या गोगलगायीचं कवच एकदा भिंगाखाली बघ आणि काय दिसतं ते लिही. शिवाय व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, तुझ्याकडे सिलेंडर नाही, तेव्हा तिला तो आधार हवाच. शून्य केएचची टाकी चालवता येते, पण म्हापसेकार, ती तुझ्यासारख्याला, सिलेंडर लावून रोज बघणाऱ्याला. व्हाळकाठकडे नऊ-नऊ तास वीज नसते.

व्हाळकाठ | २० ऑगस्ट, रात्री ९:००

मुलीचं भिंग घेऊन बसलो. शंखाचं तोंड, म्हणजे नवा भाग, तपकिरी आहे पण कागदासारखा पातळ. आणि मधला वेटोळ्याचा भाग, सगळ्यात जुना, पांढराफटक. खडू पाण्यात ठेवल्यासारखा. एकीला तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे आणि आतलं काळं अंग दिसतंय. जिवंत आहे ती. पान कुरतडत होती.

हे केव्हापासून चालू असेल! रोज टाकीसमोर बसतो मी.

निवृत्त_बाई | २० ऑगस्ट, रात्री ९:२५

गोगलगायी आधी सांगतात, मासे नंतर. 

उपाय सोपा. तिसऱ्यांच्या शिंपल्या. उकळून घास, उन्हात कडकडीत वाळव, बत्त्याने जाड कुट, मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या बुडबुड्यांजवळ ठेव. पाणी आम्ल झालं की शिंपली जास्त विरघळते, पाणी सुधारलं की हळू. मापात चूक करायला वाव कमी. तीन ते चार अंश पुरेत.

शिंपल्यांना वेळ लागतो, तोवर खाण्याचा सोडा. ५० लिटरला चहाच्या सपाट पाव चमच्याने साधारण एक अंश चढतो. तुझा अमोनिया अजून उतरलेला नाही, तेव्हा घाई नको. अमोनिया १ च्या खाली येऊ दे, मग दिवसाआड पाव चमचा, पेल्यात विरघळवून.

व्हाळकाठ | २० ऑगस्ट, रात्री ९:४०

बाई, एक अडचण. श्रावण चालू आहे. घरात तिसऱ्या आणल्या तर माझीच पिशवी बांधतील.

सुशेगाद | २० ऑगस्ट, रात्री ९:४४

🤣 यावर उपाय: शेजारी.

वाळपईकार | २० ऑगस्ट, रात्री १०:१०

माडाच्या आळ्यात बघा. वर्षभर खाल्लेल्या शिंपल्या तिथेच टाकता ना सगळे? उन्हापावसाने धुऊन पांढऱ्या झालेल्या असतील. त्या सगळ्यात उत्तम. फक्त माडाला खत किंवा औषध घातलेलं असेल तर त्या बुंध्यातल्या नको.

व्हाळकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

सापडल्या. विहिरीजवळच्या माडाखाली पाऊण बादली. उकळताना आईने वास घेऊन बघितला, श्रावण मोडत नाहीये याची खात्री करून घेतली.

अमोनिया आज ०.५. उरलेले पाचही गप्पी जिवंत. कोळंब्या सात दिसल्या. विनागरचे थेंब यावेळी शिंपलीवर टाकून बघितले. फस्स.

जुईली_मडगाव | २४ ऑगस्ट, रात्री ११:५०

हे सगळं वाचून मीही बाटली घेतली. माझ्याकडे नळाच्या पाण्याला तीन थेंब, टाकीत एक. बदामाच्या पानांमुळे का?

निवृत्त_बाई | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

पानांचं आम्ल थोडं, पण मुख्य कारण तू पाणी बदलत नाहीस. किती दिवसांनी बदलतेस?

जुईली_मडगाव | २५ ऑगस्ट, सकाळी ९:००

...महिन्यातून एकदा. परीक्षा होत्या बाई.

निवृत्त_बाई | २५ ऑगस्ट, सकाळी ९:०४

दर रविवारी चार लिटर. परीक्षेतही. दहा मिनिटं लागतात.

व्हाळकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५०

चवथ झाली, पाऊसही ओसरला, म्हणून धागा वर काढतो.

शिंपल्यांची पिशवी सात आठवडे टाकीत आहे. सोडा एकूण तीनदाच घालावा लागला. पाणी विहिरीचंच वापरतोय, दर आठवड्याला १० लिटर. गप्पी पाचच ठेवलेत, नवे आणले नाहीत. म्हापसेकारबाबांचंही थोडं ऐकलं, सहा हार्लेक्विन आणल्या, तीन-चार अंशांत त्यांनाही बरं दिसतंय. क्रिप्टोकोरीनने तिसऱ्यांदा पानं काढली. ही बया माझ्यापेक्षा चिवट आहे.

ती भोकवाली गोगलगाय आहे अजून. कवचाचा मधला भाग तसाच पांढरा, भोक आतून पातळ पापुद्र्याने बुजलंय. पण तिथून बाहेर एक रेघ दिसते, अगदी आखल्यासारखी, आणि रेघेच्या पुढे अर्धा सेंटीमीटर नवं कवच, गडद तपकिरी नि चकचकीत. भिंगाशिवाय दिसतं. फोटो काढायचा प्रयत्न केला, काचेत माझंच तोंड येतं.

निवृत्त_बाई | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०२

थेंब किती?

व्हाळकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०९

चार.